तातेराव गुरुजींची घंटा

घंटा ऐकू येते का, म्हणून मोनाली बांधावर क्षणभर थांबली. काहीच ऐकू आलं नाही; कदाचित होऊनही गेली असेल. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पुन्हा पळत सुटली.

मोबाइलवर दहा चाळीस झाले होते. शाळा दहाची. टेंभुर्णीहून निघालेली एसटी आज फाट्याच्या अलीकडेच बंद पडली. दुसरी गाडी येईल तेव्हा येईल, असं सांगून कंडक्टर तंबाखू मळत बसला. शेवटी एका म्हाताऱ्यानं मोसंबीच्या बागेतली पायवाट दाखवली. ती शाळेच्या मागच्या अंगाला निघते, म्हणाला. बागेतलं कुत्रं अर्ध्या वाटेपर्यंत भुंकत मागं आलं. एरवी मोनाली तिथंच रडली असती. आज तिला कुत्र्याचं काही वाटलं नाही. तिला भीती होती ती घंटेची.

नोकरी लागून एकवीस दिवस झाले होते. डी.एड. होऊन चार वर्षं भरतीची वाट बघितली, तेव्हा कुठं शिक्षणसेवक म्हणून ही शाळा मिळाली. आईनं गल्लीभर पेढे वाटले. पण पेढे वाटून फाट्यापासूनचं तीन किलोमीटर थोडंच कमी होतं? स्कूटी घ्यायला गाठीला पैसा नव्हता. पहिला पगार अजून व्हायचा होता. वस्तीवर खोली बघावी, तर तिथं माणसांनाच घरं पुरत नव्हती.

शाळा दोन शिक्षकांची. दुसरे म्हणजे तातेराव गुरुजी, मुख्याध्यापकही तेच. दिवाळीत निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांत हा माणूस मिनिटभर चुकला नाही, असं सगळे सांगायचे. वस्तीवरच्या बायका निंदायला निघायच्या त्यासुद्धा त्यांच्या घंटेवर. पहिल्याच दिवशी त्यांनी मोनालीला नियम सांगून टाकला होता.

"घंटा झाल्यावर जो आला, तो माझ्या मस्टरला गैरहजर. तीन बार झालं की मी वर कळवतो. मंग मला नावं ठेवायची न्हाई."

तेव्हापासून तिचा जीव मुठीत होता. रोज साडेदहाला ती धापा टाकत फाटकात शिरायची आणि नेमकी तेव्हाच घंटा व्हायची. शाळेचं घड्याळ अर्धा तास मागं असणार, हे तिनं दोन दिवसांत ओळखलं. पण बोलायची सोय नव्हती. बोलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. त्या घड्याळाकडे ती मान वर करून बघतसुद्धा नसे. न जाणो, गुरुजींचंही लक्ष जायचं.

घड्याळापेक्षा तिला बायकांची धास्ती जास्त. शाळेच्या ओट्यावर दहा-पंधरा जणी खुरपी घेऊन बसलेल्या असायच्या. ती आली की तिच्याकडे बघून काहीतरी बोलायच्या आणि पदर झटकून उठायच्या. उशिरा येणारी मास्तरीण बघायलाच या जमतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि काल घात झाला. सरपंचांनी शाळेला नवं घड्याळ दिलं. गुरुजींनी स्वतः स्टुलावर चढून, मोबाइल बघून वेळ लावली. आता नोकरीची शंभरी भरली, असं मोनालीला वाटलं.

बाग संपली. शाळेची मागची भिंत आली. खिचडीच्या खोलीआड ती थांबली. तिनं कोपऱ्यातून हळूच डोकावलं.

पोरं मैदानात प्रार्थनेच्या रांगा करून गुपचूप उभी होती. बायका ओट्यावर होत्या. व्हरांड्यात घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्याच्यापाशी तातेराव गुरुजी लोखंडी दांडा हातात धरून उभे होते. त्यांच्या डोक्यावर नवं घड्याळ. त्यात दहा पन्नास झाले होते.

खिचडी शिजवणारी दुर्गाबाई पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर उभी राहून, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत होती.

"दिसल्या का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई अजून. वळणावर कोणीच न्हाई."

ओट्यावरची एक बाई म्हणाली, "गुरुजी, आज लईच उशीर झाला. मालक रोज बोलून राह्यला आम्हाला."

"बोलू द्या. माझं नाव सांगा त्याला." गुरुजींनी दांडा दुसऱ्या हातात घेतला. "मला नियम मोडता येत न्हाई, अन् पोरगी पायी येती. ती आल्याबिगर घंटा होणार न्हाई."

"होऊ बी नका देऊ," ती बाई म्हणाली. "आमच्या पोरी तिला पाहून शाळेत यायल्यात."

मोनाली भिंतीला टेकली. तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि आवाज न करता रडून घेतलं. एकवीस दिवसांचं सगळं साचलेलं त्या एका मिनिटात वाहून गेलं.

कोपऱ्यावरून चार पावलं टाकली की ती शाळेत होती. पण मग हिनं सगळं ऐकलं, हे गुरुजींना कळलं असतं. तिनं डोळे पुसले. चपला पायात घातल्या. वाकून, बांधाच्या आडोशानं ती मागं फिरली आणि वळसा घेऊन रस्त्याला लागली.

वळणावर येताच टाकीवरच्या दुर्गाबाईचा हात वर गेला. मोनाली पळायला लागली. बायका खोळंबल्या होत्या.

तिचं पाऊल फाटकात पडलं आणि घंटा झाली.