बाळ झोपलंय तोवर

"आता कोण रुसलं?" बाबांनी दारातूनच विचारलं.

"अजून एक पॅकेज," मुलगी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "ते आणा, मगच पुढे जाईन म्हणतंय."

सकाळपासून हेच चाललं होतं. आईच्या पलंगाशेजारी युनिक्स प्रणालीवर चालणारा जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर दवाखान्यातून उसना आणलेला कॅमेरा. आई ज्या अक्षराकडे बघेल, ते अक्षर पडद्यावर उमटवणारा प्रोग्रॅम त्यावर बसवायचा होता. पण एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा एक तुकडा, बसवायला जावं तर ते दुसरं मागायचं, दुसऱ्याला तिसरं हवं असायचं. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत होती. मुलीचं पोट याच कामावर चालायचं, तरी आज तिनेही हात टेकायचेच बाकी होते.

पाच महिने आई नुसती पडून होती. मेंदूच्या झटक्यानंतर बोट हलत नव्हतं, शब्द फुटत नव्हता. डोळे तेवढे फिरायचे. आत काही समजतंय की नाही, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी मनाशी उत्तर ठरवून टाकलं होतं. मुलीने नाही. आणि कॅमेरा उद्या परत द्यायचा होता.

"कशाला जीव काढतेस?" बाबा म्हणाले. "धडधाकट होती तेव्हा तरी तिला कॉम्प्युटरमधलं काय कळायचं? ऑफिसातून टायपिंग घरी आणायची, तेवढंच."

मुलगी टाइप करत राहिली. आता एकच पॅकेज अडलं होतं. पडद्यावरचा एखादा बिंदू तक्त्याच्या नेमक्या कोणत्या घरात पडतो, ते मोजणारं. त्याची नवी आवृत्ती या जुन्या मशीनवर चालेना. अगदी पहिलीच हवी होती. दोन तास धुंडाळल्यावर एका विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या जुन्या फायलींच्या अडगळीत ती सापडली. जेमतेम साठ ओळींचा प्रोग्रॅम. सोबत एक चिठ्ठी, एकतीस वर्षांपूर्वीची. मुलीने ती मोठ्याने वाचली.

"बाळ झोपलंय तोवर लिहिलंय. कुणाच्या उपयोगी पडलं तर आनंद आहे."

खाली नाव नव्हतं. आज या पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे, हे तिने सहज शोधलं आणि नावं धो धो वाहायला लागली. तिकिटांची मशीनं, ऑपरेशनच्या खोल्यांमधले पडदे, जहाजांचे नकाशे. यादी संपेचना.

"बाबा, कोण असेल हो हा बापमाणूस? अर्धं जग याच्या खांद्यावर उभं आहे, आणि याने साधी सहीसुद्धा केली नाही!"

आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"औषध घालायची वेळ झाली वाटतं," म्हणत बाबांनी ते पुसलं.

पॅकेज बसलं. आता कुणाचीच तक्रार नव्हती. पडद्यावर अक्षरांचा तक्ता उघडला.

"आई, बघ. तुला वाटेल ते लिही."

आईची नजर फिरली. पडद्यावर एक अक्षर उमटलं, मग दुसरं, मग चार-पाच. कशालाच काही अर्थ नव्हता.

बाबांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता. बंद कर."

इतका खटाटोप केला, तो यासाठी? तिने बटणाकडे हात नेला.

आईची नजर थांबली होती. मग ती प्रत्येक वेळी हव्या अक्षराच्या एक घर अलीकडे पडू लागली, ठरवून, न चुकता. आता अक्षरं जुळायला लागली. मुलीचा हात तसाच हवेत राहिला. बाबा पलंगाच्या कडेवर मटकन बसले.

पडद्यावर लिहिलेलं होतं: "चाळिसाव्या ओळीत एक वजा कर. तेव्हा राहून गेलं. तू रडत उठलीस."