हिरवा दिवा

"शिंपीकाकांचा परत फोन," शंकासुर म्हणाला. "पेटीत नातीचा आवाजच नाही म्हणतात."

"पुसलं असेल त्यांनीच," मास्तरीण मान वर न करता म्हणाली.

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. कुणाच्या कोडने एरर गिळली, की ती त्याला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायची. "फाईल लिहिली गेली नाही, तर तसं सांगायचं! तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं नाही!" शेजारच्या टेबलावर चाचण्या करणारा तो शंकासुर. त्याला भर उन्हात उभं केलं, तरी तो स्वतःच्या सावलीवर शंका घेईल.

त्यांची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी आवाजाची पेटी बनवायची. पडदा नाही, भानगड नाही. एक बटण आणि एक दिवा. फोनवरचं रेकॉर्डिंग पेटीत हलवायचं. हिरवा दिवा लागला, म्हणजे पोहोचलं. मग फोनवरची प्रत आपोआप पुसली जायची. पुढे बटण दाबलं की पुन्हा हिरवा दिवा, आणि कानात सगळ्यात शेवटी ठेवलेला आवाज; परत दाबलं की त्याच्या आधीचा. हे हलवण्याचं सगळं कोड मास्तरणीचं होतं.

शिंपीकाकांनी पेटीत भजनांचा साठा केला होता, आणि सगळ्यात शेवटी नातीचा पहिला बोल ठेवला होता.

"काका, घाईत भलतंच बटण दाबलं गेलं असेल," मास्तरणीने फोनवर समजावलं.

"बटण एकच आहे ना, ताई?" काका म्हणाले. मग जरा थांबून, "आता ती पोपटासारखी बोलते हो. पण पहिला बोल एकदाच असतो."

तिने फोन ठेवला. शंकासुर बघतच होता.

"असा बघू नकोस. आमच्या घरी वर्षभर आहे पेटी. चाचणीतलीच उचलून नेली होती, आत तुझ्या शिट्ट्या आणि खोटे खोकले ठासून भरलेत, तरी बिनबोभाट चालते. आई रोज ऐकते."

ते खरंच होतं. बाबांनी जायच्या आधी, आई बाहेर गेलेली बघून, मास्तरणीला फोन धरायला लावला होता. "मी गेल्यावर दे तिला," म्हणाले, आणि आईसाठी बोलत राहिले. लग्नाआधी 'मला पोहता येतं' अशी थाप कशी मारली, आणि मग नदीवर जायचं टाळायला वर्षानुवर्षं पाठदुखीचं सोंग कसं काढलं. शेवटी स्वतःच्याच विनोदावर हसले, हसता हसता खोकले.

बाबा गेल्यावर तिने ते रेकॉर्डिंग पेटीत हलवलं आणि पेटी आईला दिली. तेव्हापासून जेवणं उरकली की आई खिडकीजवळच्या खुर्चीत हेडफोन लावून बसायची. गालातल्या गालात हसायची. कधी मास्तरणीलाच म्हणायची, "ते पाठदुखीचं कसं म्हणाले गं? तू सांग. तू अगदी त्यांच्यासारखं सांगतेस."

"अगं, रोज ऐकतेस की!"

"तरी सांग."

मग मास्तरीण कंबरेवर हात ठेवून, कण्हत, बाबांचा आवाज काढायची. आई डोळे पुसेपर्यंत हसायची.

दोन दिवसांनी शंकासुराने तिच्यासमोर एक पेटी ठेवली. "ही काठोकाठ भरलीय. आता हलव एखादी फाईल."

तिने हलवली. हिरवा दिवा लागला. फोनवरची प्रत पुसली गेली. शंकासुराने बटण दाबून हेडफोन तिच्या कानाला लावला. दिवा हिरवागार, कानात सामसूम.

तिने कोड उघडलं. लिहिताना पेटी 'हो हो' म्हणत सगळं नुसतं तात्पुरत्या जागेत धरून ठेवत होती. फाईल बंद करताना मात्र सांगत होती, की आत जागा नाही, काही उतरलं नाही. पण बंद करताना काय झालं, हे कुणी विचारतच नव्हतं. ती ओळ मास्तरणीने स्वतः लिहिली होती. बंद करणं म्हणजे काय, दार ओढून घेणं. त्यात काय चुकणार?

"बोल ना," ती म्हणाली. "घे मला फैलावर."

शंकासुराने नुसता फोन तिच्यापुढे सरकवला.

"काका, चूक तुमची नव्हती," ती म्हणाली. "माझी होती. आणि तो आवाज आता परत येणार नाही."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"बरं झालं सांगितलंत," काका हळूच म्हणाले. "घरात सगळे मलाच विसरभोळा म्हणत होते. मलाही पटायला लागलं होतं."

संध्याकाळपर्यंत तिने कोड दुरुस्त केलं. फाईल बंद झाल्यावर आधी विचारायचं. बिनसलं असेल तर लाल दिवा. सगळं नीट असेल तरच मूळ प्रत पुसायची. इतकं सोपं होतं. पण स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला होता. बाबांच्या आवाजाची दुसरी प्रत आजच काढायची, असं ठरवून ती घरी निघाली.

आई खिडकीजवळ बसली होती. हेडफोन कानाला, डोळे मिटलेले, मांडीवर पेटी. दिवा हिरवा.

"आई, पेटी दे जरा. दुसरी प्रत काढते."

"कशाला गं?" आईने पेटीवर हात ठेवला. "चाललंय की नीट."

"तू ऐक की. मी नुसती वायर लावते."

"राहू दे ना, बाळा."

तोवर तिने वायर लावलीसुद्धा. लॅपटॉपवर यादी उघडली. शिट्टी, शिट्टी, खोकला, शिट्टी. सगळ्यात शेवटी 'बाबा'. तारीख तिने पेटी घरी आणली त्याच दिवसाची. आकार शून्य.

"आई..."

आईने डोळे न उघडता हात वर केला.

"थांब गं जरा. आता हसतील बघ."