बसची साक्ष

"बसला मन नसतं, म्हणून हा गुन्हा होत नाही. फौजदारी नाही, दिवाणीत भरपाई मिळेल," बस कंपनीचे वकील म्हणाले.

सुलभाबाई शिंगट्यांना भरपाई नको होती. त्यांचा नवरा विनाचालक बसखाली गेला होता. कुणीतरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

न्यायाधीशांनी बसला साक्षीला घेतलं. "रस्ता मोकळा असला तरी तू अपघाताच्या त्या वळणावर रोज थांबतेस. का?"

"ते तिथे ओरडले होते," बस म्हणाली. "मला अजून ऐकू येतं."

"म्हणजे मन आहे," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी बसवर फौजदारी खटल्याचा हुकूम दिला.

सुलभाबाईंना आरोपी मिळाला होता. त्यांच्याखेरीज नवऱ्यासाठी झुरणारी जगात तेवढी ती बसच होती.