मधला पर्याय

"सुतकात चूल न्हाई पेटत, रोहिदासा. पानी पी. शेजारनं भाकरी यील," आत्या म्हणाली, आणि तिनं तांब्या पुढं सरकवला. "टीवीत गुबगुबीत दिसतोस. हितं पार वाळलास की रं."

रोहिदास सतरंजीवर टेकला. चाकणजवळच्या याच घरात, याच आक्काबाई आत्याच्या हातची भाकरी खाऊन तो शाळा शिकला होता. आज समोरच्या भिंतीला तिच्या लेकाचा, किसनचा फोटो टेकवलेला. किसन कंपनीत फिटर. मशीन बसवायला परदेशी गेला. तिसऱ्याच आठवड्यात तिथं लढाई पेटली आणि पुढं काही दिवसांनी कामगारांच्या खोल्यांवर बॉम्ब पडला.

रोहिदास परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक. दिल्लीत सरकारला सल्ला द्यायचा. टिपण लिहायची त्याची एक रीत होती. पर्याय तीन द्यायचे. दोन टोकाचे, आणि आपल्याला हवा तो मधे. साहेब लोक मधल्यावरच बोट ठेवतात. बावीस वर्षांत ही रीत एकदाही चुकली नव्हती.

याही वेळी नाही. पहिला पर्याय, तिथं अडकलेल्या आपल्या सगळ्या माणसांना लगेच आणावं. तिसरा, थोडं थांबून पाहावं. मधला, वकिलातीत जे नाव नोंदवतील त्यांनाच आणावं. मधला मंजूर झाला. नाव दिलेला प्रत्येक माणूस सुखरूप घरी आला. त्या यादीत किसन नव्हता.

यादी सगळ्यांना खुली होती. दिल्लीहून येताना वाटभर तो स्वतःला हेच सांगत आला होता. या एका वाक्यावर तो उभा होता.

आत्या रडत नव्हती. उपसून उपसून तळ लागलेल्या विहिरीसारखे तिचे डोळे. बाहेर कंपनीचा भोंगा झाला. शिफ्ट सुटली. तिची मान सवयीनं दाराकडं वळली. थांबली. पुन्हा खाली आली.

रोहिदासला राहवेना.

"आत्या, त्यानं नाव का नाही दिलं गं? नुसतं नाव तर द्यायचं होतं."

"देतच व्हता की," आत्या म्हणाली. पदरानं तिनं फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "लायनीतनंच फोन केला व्हता त्यानं. मीच माघारी धाडला. म्हनलं, येड्या, परक्यावानी लायनीत काय हुबा ऱ्हातोस? दिल्लीत आपला रोहिदास बसलाय. त्याला काय आपलं नाव सांगावं लागतंय व्हय?"