पालथा पेला

ओदिलने आपला पेला टेबलावर पालथा घातला. “आज मी चाखणार नाही. आज तुम्हीच सांगा, पापा.”

तळघरात तिचा बाप म्हातारा एमिलियां नुकतंच काढलेलं बूच हातात धरून उभा होता. समोर बसला होता ब्रसेल्सहून आलेला व्हर्लिंडन, जुन्या वाइनचा नादिष्ट संग्राहक. ओदिलच्या आजोबांनी केलेली शार्दोने वाइनची बाटली आज त्याच्यासाठी उघडली होती, त्यामुळे स्वारी सकाळपासून हवेत होती. पाहुण्यासमोर तमाशा नको, हे ओदिललाही कळत होतं. पण आता पाणी डोक्यावरून गेलं होतं.

सहा वर्षांपूर्वी, साथीच्या हिवाळ्यात बाप महिनाभर अंथरुणाला खिळला होता. उठला, आणि तेव्हापासून त्याने हा छळ मांडला. दर शनिवारी तिला पिंपांपुढे उभं करायचं. काचेच्या नळीने वाइन काढून आधी तिच्या हातात द्यायची, आणि एकच शब्द: “सांग.” ती सांगायची. यात लाकूड फार उतरलंय. त्यातला गाळ अजून ढवळायला हवा. हे पलीकडचं बाटल्यांत भरायला घ्या. बाप नुसतं ‘हं’ करून पुढच्या पिंपाकडे वळायचा. शाबासकी नाही की शिवी नाही. आजोबांनी एमिलियांच्या हाती तळघराच्या किल्ल्या दिल्या तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. आणि ही पस्तिशीची बाई अजून परीक्षेलाच बसलेली! तिला त्याचा मनापासून राग होता. शेवटी शाब्ली गावातल्या एका वाइन कंपनीच्या नोकरीला तिने होकार कळवून टाकला. पाहुणा गेला की बापाला सांगायचं, एवढंच उरलं होतं.

“वा!” व्हर्लिंडन खुलला. “म्हणजे आज त्या नाकाचं दर्शन होणार तर! मस्यू एमिलियां, तुमच्या गेल्या पाच-सहा वर्षांच्या बाटल्यांसाठी आमच्याकडे लोक हमरीतुमरीवर येतात. म्हातारपणी माणसाचे कान जातात, डोळे जातात. तुमचं नाक मात्र धार लावल्यासारखं झालंय.”

एमिलियांने लेकीकडे पाहिलं. तिने मान वळवली.

त्याने बूच टेबलावर ठेवलं. दोन बोटं वाइन ओतली, पेला फिरवला, नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग घोट घेतला.

“उत्तम,” तो म्हणाला. “अगदी वडिलांच्या हातची.” आणि त्याने पाहुण्याच्या पेल्यावर बाटली कलती केली.

बूच ओदिलच्या पुढ्यातच होतं. सवयीने तिने ते उचलून हुंगलं. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास. बुचाने वाइनचा घात केला होता. गावातलं शेंबडं पोरही ही बाटली मोरीत ओतेल. तिला वाटलं, म्हातारा पाहुण्याची फिरकी घेतोय. तिने वर पाहिलं. बाटली पेल्यावर कलतीच होती, थेंबही ओतला नव्हता. आणि बाप पाहुण्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने झटकन पाहुण्याच्या पेल्यावर तळवा ठेवला. “थांबा, मस्यू. पापांची ही जुनी खोड आहे. बूच लागलेली बाटली पुढे करायची आणि पाहुणा ओळखतो का ते बघायचं.”

“अरे देवा! आणि मी माना डोलवणार होतो!” व्हर्लिंडन पोट धरून हसला.

दुसरी बाटली आली. ओदिलने आपला पेला सुलटा केला, आधी स्वतः चाखली. “ही घ्या,” ती म्हणाली. बापाने मुकाट्याने ओतली.

पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा एमिलियां पिंपांपाशी एका खोक्यावर बसला होता. ते बूच त्याच्या हातात होतं. ओदिल त्याच्याशेजारी टेकली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता.

“मी शाब्लीला नोकरी धरलीय, पापा. इतक्या वर्षांत एकदा, नुसतं एकदा ‘बरोबर’ म्हणाला असतात, तर मी त्यांना हो म्हटलं नसतं.”

एमिलियांने बूच नाकाशी नेलं, हुंगलं आणि खाली ठेवलं.

“कसं म्हणणार, पोरी? बरोबर आहे की नाही, ते मला कुठे कळत होतं?”