बंबवाल्यांची छाती

“आगीला भिता काय रे तुम्ही?” म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“न्हाय जी!” सगळे बंबवाले एका दमात ओरडले. सगळ्यात मोठा आवाज शमशुद्दीन जमादाराचा होता. आणि तिथंच अर्ज बुडाला.

वास्तविक हाच शमशुद्दीन आठवडाभर बंबखान्यात सगळ्यांना पढवत होता. विचारलं तर खरं सांगायचं. भ्या वाटतंय म्हणायचं. जळती कौलं डोक्यात पडतात म्हणायचं. पण कोल्हापूरचा माणूस एक वेळ उपाशी आहे म्हणून सांगेल, बायकोचा मार खाल्ला हेही सांगेल. भ्यालो म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. त्यात समोर अध्यक्ष. तरुणपणी आखाड्यात दोन्ही कान मोडून घेतलेला माणूस. त्याच्यापुढं कच कोण खाणार?

मागणं तसं मोठं नव्हतं. डोक्याला जाड चामड्याचे टोप, आणि आगीत मेलेल्या माणसाच्या बायकोला अर्धा पगार. एवढ्यासाठी त्यांनी एकी केली आणि वर्षभर कमिटीच्या मेंबरांचे उंबरे झिजवले. एक मेंबर उन्हाळ्याचे पन्हाळ्यावर हवा खायला गेले होते, तर हे पायी पन्हाळा चढले. मेंबर झोपले होते. उठल्यावर म्हणाले, बघू.

“वाघ आहेत वाघ!” अध्यक्ष खूश झाले. “मग टोप कशाला पाहिजेत? लढाईपायी चामडं सगळं पलटणीकडं चाललंय. तुम्हाला एकेक जरीचा फेटा देतो. कामावर बांधून जावा. लोकांना कळू दे, संस्थानचे बंबवाले कसे असतात!”

मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. केरबा बंबवाल्याचं अर्धं डोकं मागच्या एका आगीत भाजून निघालं होतं, तिथं केस उगवत नव्हते. त्यानंही वाकून मुजरा केला. काय म्हणावं या माणसांना! डोक्यावर फेटा पेटला म्हणजे काय होतं, हे का त्यांना ठाऊक नव्हतं?

राहिली कुलसुम. दिलदार बंबवाल्याची बायको. ती दाराबाहेर उभी होती. होळीच्या आधी गुळाची वखार पेटली, तेव्हा दिलदार आत गेला आणि वरनं छप्पर खाली आलं. बाकीचे सगळे मागच्या बाजूला पाणी मारायला बंबाचे दांडे हाणत होते. वखारीच्या दारात दिलदार आणि जमादार असे दोघंच होते. दिलदारच्या मागं तीन लेकरं. थोरली पोरगी कुलसुमनं गडमुडशिंगीला एका घरी शेणघाण करायला ठेवली होती, दोन वेळच्या भाकरीवर. अर्धा पगार मिळाला की त्याच दिवशी जाऊन तिला घेऊन येणार, असं ती भेटेल त्याला सांगायची.

चिटणीसांनी चष्मा सारखा करून नियम सांगितला. माणूस हुकमानं आगीत गेला आणि मेला, तर बायकोला अर्धा पगार देता येतो. आपखुशीनं गेला असेल, तर कमिटीचा संबंध नाही.

“जमादार, दारात तू होतास,” अध्यक्ष म्हणाले. “तू हुकूम केलास, की गडी आपणहून घुसला?”

शमशुद्दीननं तोंड उघडायच्या आत अध्यक्षच पुढं म्हणाले,

“हुकूम करावा लागला असेल तर तसं सांग. मग गडी कच्चा होता म्हणायचा, दुसरं काय!”

हुकूम केला, एवढंच म्हणायचं होतं. शमशुद्दीननं मागं वळून पाहिलं. सगळे बंबवाले त्याच्याकडं बघत होते. दाराच्या फटीतून कुलसुमचा पदर दिसत होता.

“न्हाय जी,” तो म्हणाला. “दिलदार वाघ व्हता. हुकमाची वाट बघितली न्हाय त्येनं.”

“शाब्बास! त्याच्या नावाचाही एक फेटा द्या.”

पुढचा विषय गटारींचा होता. बंबवाले मुजरे करत बाहेर पडले.

शमशुद्दीननं दिलदारच्या नावाचा फेटा कुलसुमच्या हातात ठेवला. मान वर करायचं त्याला धाडस होईना.

“भाभी, पगाराचं न्हाय जमलं.”

“ऐकलं मी समदं.” कुलसुमचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली दिसत नव्हती. फेटा तिनं छातीशी धरला होता. “थोरली ऱ्हाईल तिथंच. नशीब तिचं. पर एक सांगू, भाईजान? त्या दिवशी घरातनं निघताना ते लई भ्यालते. माझा हात सोडत नव्हते. म्हून मला वाटायचं, तुम्हीच त्यास्नी आत ढकललं आसंल. घास उतरत नव्हता मला. तुमास्नी शिव्याशाप दिले मी, रोज दिले. माफ करा. आपल्या मनानं गेले न्हवं ते?”

वखारीच्या दारात दिलदारनं दोन्ही हात जोडले होते. “जमादार, नगं. आज नगं,” म्हणाला होता. शमशुद्दीननं त्याच्या पाठीत बुक्की घातली होती. “जा की! बांगड्या भरल्यात काय?”

“व्हय, भाभी,” शमशुद्दीन म्हणाला. “आपल्या मनानं.”