मागचं दार

नर्सबाई घर बघायला आली ती दाट धुक्यात, आणि धाकलूने मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलला. सकाळी सातची वेळ त्यानेच दिली होती. पौषात डोळखांबच्या या पट्ट्यात नऊ वाजेपर्यंत धुकं हलत नाही. घरामागचा मोबाईलचा टॉवर एवढा उंच, पण आज धुक्याने तो अख्खा गिळला होता.

याआधीच्या तीन गिऱ्हाइकांनी धाकलूला शहाणं केलं होतं. कल्याणच्या मास्तरांनी टॉवर पाहिला आणि अंगणात उभं राहूनच निम्मी किंमत सांगितली. शहापूरच्या दुकानदाराच्या बायकोचं डोकं तर गाडीतून उतरायच्या आतच दुखायला लागलं. तिसरा पाणी प्यायला आणि गेला तो गेलाच. घरची बाईजाही काही कमी नव्हती. टॉवर उभा राहिल्यापासून शेवग्याला शेंग धरत नाही नि दही लागत नाही, असं ती ज्याला त्याला सांगायची. आज तिला नवऱ्याची ताकीद होती, तोंड बंद आणि मागचं दारही बंद. तिचे गुडघे गेले होते. तिला घेऊन मुरबाडला लेकीकडे जायचं, तर हे घर विकायलाच हवं होतं.

"नाव काय बोलल्या तुमचं?" धाकलूने विचारलं.

"संघरत्ना. उपकेंद्रात आहे, चार महिने झाले."

तिने ओटी पाहिली, माजघर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. घर आवडलंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "आणि सैपाकघर, बाबा?"

"त्यात काय बघायचं? चूल न् भांडी. तिकडं नको."

"मग मागच्या दाराने परस बघते."

"नाय नाय." धाकलू दारात आडवाच उभा राहिला. "मागं नकोच. इथूनच बघा काय ते."

संघरत्ना थांबली. तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"बाबा, याआधी मी दोन घरं बघितली. एकाने नाव विचारलं, आणि लगेच त्याला आठवलं की पुतण्या राहायला येणार आहे. दुसऱ्याने ओटीवरूनच परत पाठवलं. तुम्ही पण नाव विचारलंत आणि चुलीकडे जायला अडवलंत. सरळ सांगा ना, आम्हाला द्यायचं नाय म्हणून."

धाकलूला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याची कानशिलं तापली. त्याच्या बापाने हिला ओटीसुद्धा चढू दिली नसती, हे त्याला ठाऊक होतं. बिचाऱ्याने चोरी केली एक, आणि सापडला भलत्याच चोरीत. तोवर ती पायरी उतरून अंगणात पोचलीही होती.

"ए पोरी, थांब गो!" तो अनवाणीच धावला. "तसं नाय, गावदेवीची आण, तसं नाय. चल, चल सैपाकघरात. बाईजा, उघड ते दार!"

"तुमीच तर बोलला बंद ठेव," चुलीपासून बाईजा म्हणाली.

"आता उघड बोलतो ना!"

बाईजाने बसल्या जागेवरून हात लांबवून कडी काढली. परसाच्या कुडाला लागूनच तारेची जाळी होती, आणि जाळीच्या आत टॉवरचे चार पोलादी पाय. वर नुसतं धुकं.

"ह्यो लपवत होतो," धाकलू म्हणाला. त्याला दम लागला होता. "लबाडी केली मी, नाय म्हनत नाय. पन ही केली. ती नाय."

संघरत्ना त्या पायांकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत आवरेना.

"बाबा, रोज एसटीतून दिसतो हा मला. टॉवर आहे म्हणून तर घर बघायला आले."

धाकलूने मान वर करून धुक्यात टॉवरचा शेंडा शोधला.

"आता राहते तिथं रेंज नाय," ती म्हणाली. "पावसात एका बाळंतिणीच्या घरच्यांनी मला सात वेळा फोन लावला. मला दुसऱ्या दिवशी कळलं."

"भ्या नाय वाटत तुला?" बाईजाने अखेर तोंड उघडलंच. "दही लागत नाय इथं."

"वाटतं ना थोडं. टॉवरवाल्यांकडून त्याच्या लहरींच्या मोजणीचा कागद मागून घेईन मी. पण फोन न लागायचं भ्या त्याहून मोठं आहे, मावशी."

"मग आता किंमत कमी करायला पायजे मी," धाकलू पुटपुटला. "लपवलं म्हनून."

"काही नको. सांगितलीत तीच द्यायची."

बाईजाने चुलीशेजारचा पाट पुढे सरकवला आणि चहाचं आधण चढवलं. संघरत्ना पाटावर टेकते न टेकते तोच तिचा फोन वाजला. समोरचा इतका मोठ्याने ओरडत होता की तिघांनाही ऐकू आलं.

"लागला! सिस्टर, लागला फोन! मी पांडू, वरच्या पाड्यावरना. कालच्या सुईनं पोरगी तापलीय. कुठं हाय तुमी?"

संघरत्ना घुटमळली.

"घरी हाय बोल," धाकलू म्हणाला. "तुझ्या घरी."